कागदाची लेस, कागदाची जर: हातच्या व्हॅलेंटाइन कार्डामागचा इतिहास

हाताने केलेले एखादे जुन्या वळणाचे व्हॅलेंटाइन कार्ड उजेडात धरून पाहा. कडेची नाजूक जाळी म्हणजे लेस. उठावाची फुले म्हणजे भरतकाम. चकाकणारी किनार म्हणजे जर आणि टिकल्या. सव्वादोनशे वर्षे कागदाला कापडासारखे वागायला लावण्याची खटपट चालली आहे आणि हे कार्ड तिचेच फळ आहे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांच्या खडखडाटात ज्यांची घरे आहेत, त्यांना ही नक्कल चटकन ओळखू येईल.

चौदा फेब्रुवारीचा निरोप कार्डापेक्षा बराच जुना आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या मार्जरी ब्रूज हिने 1477 साली आपल्या नियोजित वराला लिहिलेले पत्र इंग्रजीतले सर्वांत जुने उपलब्ध व्हॅलेंटाइन मानले जाते. ते नुसते पत्र आहे, सजावट काहीच नाही. छापील कार्डाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना 1797 सालचा. तो लंडनमध्ये छापलेला असून आज यॉर्क कॅसल म्युझियममध्ये आहे. चित्र छापून घेऊन वर हाताने रंग भरला आहे आणि कागदाला लेससारखी बारीक भोके पाडली आहेत. म्हणजे जाळीची हौस अगदी पहिल्या पावलापासूनची.

तरीही पुढची चार दशके असली कार्डे थोड्यांच्याच आवाक्यात होती. ब्रिटनमध्ये टपालाचे पैसे अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत. पाकीट वापरले तर तोही एक जादा कागद मोजला जाई. जानेवारी 1840 मध्ये देशभर एकच पेनी दर आला, मोजणी वजनावर गेली आणि पाकिटात घालून नाजूक वस्तू पाठवणे परवडू लागले. आपल्याकडे 1854 च्या टपाल कायद्याने अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा दर आणला. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. आज आपण 250 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणाऱ्या) ए-फोर कागदाचा अर्धा भाग दुमडून कार्ड करतो, त्याचा कोरा तळच सुमारे आठ ग्रॅम भरतो. त्या दरात पत्र पातळ कागदावरच लिहावे लागे.

कागदी लेसची युक्ती 1834 च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ ॲडनब्रुक याच्या नावावर जमा आहे. कागद धातूच्या उठावाच्या साच्यावर दाबायचा आणि वर आलेले टेंगूळ कानशीने घासून काढायचे. जिथे टेंगूळ तिथे भोक, बाकी जाळी शाबूत. घरी याची सोपी आवृत्ती सुईने होते. जुन्या घोंगडीची चौपदरी घडी खाली ठेवावी, वर 120 ते 160 जीएसएमचा कागद, त्यावर आलेख कागदावर काढलेला नमुना, आणि जाड सुई सरळ उभी टोचावी. दोन भोकांमधले अंतर निदान भोकाच्या व्यासाइतके राहू द्या. त्याहून जवळ गेलात तर कागद टपाल तिकिटासारखा त्याच रेषेवर फाटतो. सुई तिरपी गेली तरी मागच्या बाजूला पापुद्रा निघतो.

या कलेला धंद्याचे रूप अमेरिकेत आले. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी एस्थर हाउलँडच्या वडिलांचे कागद-वह्यांचे दुकान होते. 1847 मध्ये माउंट होल्योकमधून शिक्षण संपवल्यावर तिच्या हाती एक इंग्लिश कार्ड पडले आणि तिने तसे नमुने केले. भाऊ दुकानाच्या फेरीवर ते घेऊन गेला. तिची अपेक्षा 200 डॉलरच्या मागणीची होती, मागणी 5000 डॉलरची आली. मग तिने मैत्रिणींना टेबलाभोवती बसवले आणि एकीने कापायचे, दुसरीने जाळी चिकटवायची, तिसरीने चित्र बसवायचे अशी वाटणी केली. बेळगाव-खानापूर भागातल्या बचतगटात पापड-शेवयांचे काम ज्या पद्धतीने चालते, तीच ही रीत. 1881 मध्ये तिने हा व्यवसाय जॉर्ज व्हिटनी यांना विकला.

तिच्या कामातल्या दोन गोष्टी आजही तंतोतंत उपयोगी आहेत. एक, पांढऱ्या जाळीखाली गडद रंगाच्या कागदाची चकती. जाळी पांढऱ्यावर पांढरी राहिली तर सारी मेहनत वाया जाते, खाली कुंकवासारखा लाल किंवा मोरपंखी आला की भोके उठून दिसतात. दुसरी, जाळी तळापासून वर उचलणारी कागदी स्प्रिंग. एक सेंटीमीटर रुंद, चार सेंटीमीटर लांब पट्टी तीन घड्यांत नागमोडी दुमडायची आणि दोन्ही टोके चिकटवायची. हल्ली दोन मिलिमीटर जाडीच्या फोम टेपने तेच काम झटकन होते, पण फोम पाकिटात दाबला गेला की त्याचा चौकोन जाळीवर उमटतो. कागदी स्प्रिंग दबते आणि पुन्हा उघडते. म्हणून नाजूक जाळीला आम्ही कागदी स्प्रिंगच सुचवतो.

रंगीत छपाई स्वस्त झाली ती क्रोमोलिथोग्राफीने, म्हणजे दगडावरून एकेक रंग छापण्याच्या पद्धतीने. फ्रान्समध्ये गोदफ्रॉय एंगेलमानने तिचे पेटंट 1837 मध्ये घेतले, पण धंदा वाढवला जर्मन छापखान्यांनी. फुले, कबुतरे, देवदूत अशी उठावाची चित्रे आकाराबरहुकूम कापून, अरुंद कागदी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, अख्ख्या तावाने विकली जात. त्यांना स्क्रॅप म्हणत, आणि आजचे डाय-कट, म्हणजे पात्याच्या साच्याने (डायने) कापलेले आकार, त्यांचेच वंशज. हेच जर्मन तंत्र आपल्या घरांत दुसऱ्या दाराने आले. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर घेऊन सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरींवर बायकांनी जर, टिकल्या आणि कापडाची लुगडी चढवली. काचेखाली अशी सजलेली तसबीर जुन्या देवघरात दिसली तर नीट पाहा. छापील चित्र, वर चिकटवलेला थर, वर चमक: व्हॅलेंटाइन कार्डाची बांधणी हीच.

आता कापण्याकडे. पोलादी पात्याचा साचा दाबून आकार कापण्याची पद्धत चांभारकामातून वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जोड्यांचे तळवे एकाच मापाचे हवेत म्हणून ती रूढ झाली. अथणी-निपाणीकडच्या चपलांत तळवा आजही रापीने कापतात आणि पट्ट्यांवरची नक्षी हातपंचाने ठोकतात. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच एक. छापखान्यात डाय-कटिंगला सरसकट पंचिंग म्हणतात. बेळगावचा कुंदा ज्या पुठ्ठ्याच्या डब्यात मिळतो तो उलगडून सपाट करा. सरळ कापलेली कड, दाबलेली घडी, आत अडकणारी जीभ, सगळे एकाच दाबात झालेले आहे. प्लायवूडमध्ये वाकवलेली पोलादी पट्टी बसवायची, पात्याला लागून स्पंज लावायचा म्हणजे कापलेला कागद अडकत नाही, आणि ट्रेडल मशीनवर, म्हणजे छापखान्यातल्या दाबयंत्रावर, दाब द्यायचा. आणि ज्या मागांवर पुठ्ठ्याचे जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारी यंत्रणा, असते तिथे साडीचा काठ भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरच विणला जातो. कागदाने कापडाकडून नक्षी घेतली हे खरे, पण कापडही नक्षीसाठी पंच केलेल्या पुठ्ठ्याकडे जाते.

घरगुती रूप अलीकडचे. अमेरिकेत एलिसन कंपनीने 1977 पासून शाळांसाठी हातदाबाची डाय यंत्रे काढली, त्याच घराण्यातून 2001 मध्ये सिझिक्स आले आणि पुढे हाताने फिरवायचे दोन रुळांचे यंत्र कार्ड करणाऱ्यांच्या टेबलावर पोचले. पातळ पोलादी डायचा थर असा लावावा: तळफळी, प्लास्टिकची कटिंग प्लेट, कागद, त्यावर धार खाली करून डाय, वर दुसरी प्लेट. एका वेळी 250 ते 300 जीएसएमचा एकच कागद. कडा कापल्या पण मधला भाग अर्धवट राहिला, तर पाती बोथट झाली असे समजून डाय टाकू नका. बहुधा प्लेट वाकलेली असते. तिथे साध्या कागदाचा एक तुकडा घाला किंवा डाय थोडी तिरपी ठेवून पुन्हा फिरवा. प्लेटची बाजू दर वेळी उलटत राहिलात तर ती फारशी वाकत नाही. बारीक जाळी डायमध्ये रुतून बसत असेल तर कागद आणि डायमध्ये बटर पेपर ठेवावा.

सीमाभागात अक्षरांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण इंग्रजी मार्गदर्शनात तो सापडत नाही. देवनागरी शब्द कापायला फार सोयीचा आहे: शिरोरेषा सगळी अक्षरे धरून ठेवते. 'प्रेम' हा शब्द एका तुकड्यात सुटतो. अडचण अनुस्वाराची. 'तुझं' कापले की टिंब वेगळे पडते आणि हरवते. एक तर ते टिंब बारीक दांडीने शिरोरेषेला जोडा, नाही तर नंतर टिकली म्हणून चिकटवा. कन्नडमध्ये अक्षरे जोडणारी शिरोरेषा नसते, तलकट्टू म्हणजे डोक्यावरची खूण ज्या अक्षरांना असते त्यांना ती स्वतंत्रच असते, त्यामुळे 'प्रीती' हा शब्द कन्नड लिपीत कापायचा तर खाली पाच मिलिमीटरची आधारपट्टी ठेवावीच लागते. खिडकीसारखे आरपार अक्षर हवे असेल तर उलटे होते: प, म, व यांच्या पोटातला कागद गळून पडतो. त्याला स्टेन्सिलसारखा दीड मिलिमीटरचा पूल ठेवावा.

शिक्क्यांचा इतिहास थोडक्यात पुरेल. चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत 1839 मध्ये शोधली, पेटंट 1844 चे, आणि 1860 च्या दशकात रबरी शिक्के कचेऱ्यांत आले. हौशी कामात ते पुष्कळ उशिरा शिरले. आज कोर्ट-कचेऱ्यांजवळ शिक्के करून देणारे फोटोपॉलिमरवर, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकवर, तुमचे अक्षर उतरवून देतात. मराठी मजकूर 18 पॉइंटपेक्षा लहान देऊ नका आणि रेषा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नको. नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरांच्या फटी शाईने भरतात.

उठावाचा शिक्का हवा तर पिगमेंट शाई घ्यावी, कारण ती काही मिनिटे ओली राहते. डाय शाई (इंग्रजीतली dye, कापायची डाय नव्हे) लगेच सुकते आणि एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून उठाव देणारी भुकटी, धरत नाही. शिक्क्याआधी कागदावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवून झटकावा. फेब्रुवारीत बेळगावची हवा कोरडी असते, त्यामुळे कागदावर स्थिर वीज साठते आणि एम्बॉसिंग पावडर नको तिथे चिकटते. शिक्का, वर पावडर, उरलेली पावडर दुमडलेल्या कागदावर झाडून परत डबीत, मग हीट गन. मळकट दाणे एकदम चकाकले की ऊब थांबवा. पुढे गेलात तर पावडर कागदात मुरून तेलकट डाग होतो. हेअर ड्रायर इथे चालत नाही. त्याचा वारा जास्त, उष्णता कमी, आणि पावडर उडून जाते.

चमकीवर मात्र थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त कार्डे इथेच बिघडतात. एकोणिसाव्या शतकातल्या कार्डांवरची चमक काचेच्या भुकटीची असे. पतंगाच्या मांज्याला काच लावताना बोटे कशी कापतात हे ठाऊक असलेल्या घरात ती वापरण्याचा प्रश्नच नाही. अभ्रकाची भुकटीही जुनीच. अबीरात जी मंद चमक असते ती अभ्रकाचीच. आजचे प्लास्टिक ग्लिटर न्यू जर्सीतल्या हेन्री रुशमन याच्या नावे सांगितले जाते, साल 1934. पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा थर, वर रंग, आणि मग षट्कोनी तुकडे. षट्कोन यासाठी की मधमाशीच्या पोळ्यासारखे ते एकमेकांना लागून कापले की वाया काही जात नाही. हे सूक्ष्म प्लास्टिक झाडूने जात नाही आणि मोरीतून नाल्यात जाते. युरोपीय संघाने 17 ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या ग्लिटरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आमचे स्पष्ट मत असे की मोठ्या जागेवर अभ्रक आणि जरीची कात्रणे वापरावीत आणि ग्लिटर असेलच तर एका रेषेपुरते. ब्लाउज शिवणाऱ्यांकडे जरीकाठाचे तुकडे उरलेलेच असतात.

गोंदाचे गणित सोपे आहे: गोंदाचा थर दाण्याच्या निम्म्या उंचीचा हवा. पातळ पडला तर दाणे झडतात, जाड झाला तर बुडतात आणि चमक मरते. बारीक चमकीला दोन भाग पांढऱ्या गोंदात एक भाग पाणी, जाड टिकल्यांना गोंद तसाच. दोन नंबरच्या ब्रशने एका वेळी बोटभर जागाच भरावी, कारण कोरड्या हवेत गोंदावर पाच मिनिटांत साय धरते. चमकी वीतभर उंचीवरून टाकावी, म्हणजे सारखी पसरते. एका कार्डाला पाव चमचा पुष्कळ. दहा मिनिटांनी कार्ड उभे धरून मागून टिचकी मारा, फुंकू नका. कार्ड वाकले तर त्याचे कारण पाणी आहे. एका बाजूचे तंतू फुगतात, दुसरे नाहीत. मागे तेवढाच ओला हात फिरवून जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवले की सपाट होते. स्वस्त चमकीचा रंग गोंदात उतरतो, म्हणून आधी पांढऱ्या कागदावर चिमूटभर चिकटवून दुसऱ्या दिवशी पाहावे.

भारतात तयार कार्डांचा बाजार उभा राहिला तो 1979 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आर्चीजसारख्या कंपन्यांमुळे, आणि व्हॅलेंटाइनची लाट 1991 नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर गावोगाव आली. पण सजवलेले कार्ड पाकिटात घालून पाठवण्याची सवय मराठी घरांना आधीपासून होती. संक्रांतीला रंगीत कार्डाला हलव्याची किंवा तिळगुळाची पुडी लावून नातेवाइकांना पोस्टाने जात असे. संक्रांत आणि चौदा फेब्रुवारी यांत एक महिनाच आहे, तेव्हा उरलेला घोटीव कागद, जिलेटिन आणि पांढरा हलवा हाताशी असतोच. हलव्याचा दाणा मोत्याऐवजी चिकटवायचा असेल तर कार्ड हातीच द्यावे. पोस्टाच्या ठशाखाली त्याचा चुरा होतो, आणि मुंग्यांना वाट दिसते.

पोस्टानेच पाठवायचे तर पाकीट कार्डाहून दोन्ही बाजूंनी चार मिलिमीटर मोठे घ्यावे, चमकीवर बटर पेपरचा तुकडा ठेवावा, आणि उठाव पत्त्याच्या बाजूला येऊ देऊ नये. ठसा तिथेच बसतो.