लंगोट बापाने बांधायचा, डाव वस्तादाने द्यायचा

कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात पोराला तालमीत घालताना एक जुनी वाटणी आजही दिसते. पहिला लंगोट बाप बांधतो, पहिले जोर बाप मारून घेतो, पण डाव देतो वस्ताद. बाप स्वतः नामांकित मल्ल असला तरी पोराला दुसऱ्याच्या हौदात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, उतरवतो. ही रीत काही पूर्वापार नाही.

आधी लढण्याची विद्या घराण्याची, म्हणजे पोटापाण्याची होती. लहुजी साळवे यांचं घराणं याचं ठळक उदाहरण. १७९४ साली पुरंदरच्या परिसरात जन्मलेल्या लहुजींना दांडपट्टा, तलवार, घोडेस्वारी हे सगळं वडील राघोजींनी शिकवलं. सुतार पोराच्या हातात रंधा देतो, तसंच ते. १८१७ च्या खडकीच्या लढाईत राघोजी पडले आणि पुढच्या वर्षी पेशवाईच संपली. शिकलेली विद्या चालवायला चाकरीच उरली नाही. १८२२ मध्ये लहुजींनी पुण्यात तालीम काढली आणि बापाने दिलेलं दुसऱ्यांच्या पोरांना द्यायला सुरुवात केली. जोतीराव फुले त्यांच्याकडेच दांडपट्टा शिकले. फुल्यांचं घर माळ्याचं. तिथे पट्टा शिकवणारा बाप नव्हता, म्हणून वस्ताद लागला. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर हत्यार बाळगणंच अवघड झालं. पट्टा मिरवणुकीपुरता उरत गेला, कुस्ती मात्र टिकली. तिला लंगोट आणि माती सोडून काहीच लागत नाही.

खुराक मात्र लागतो, आणि खरी अडचण तिथेच येते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या प्रतवारीबरोबर त्यांच्या आहाराचाही विचार आहे, तो उगाच नाही. मल्ल पोसणं हे दरबाराचं काम होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) ते मनावर घेतलं. पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं, मल्लांच्या दूध-तुपाची सोय झाली. शेतकऱ्याच्या पोराला घरचा आखाडा सोडून शहरातल्या तालमीत राहायचं कारण मिळालं ते इथे. पोर गावाबाहेर गेलं आणि बापाची वस्तादकी तिथेच संपली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, तसा खुराकाचा बोजा पुन्हा घरावर आला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल ठेवले, पण ते नाव झालेल्यांना. दहा-बारा वर्षांच्या पोराचे बदाम आजही बापालाच आणावे लागतात.

खाशाबा जाधवांच्या वाटचालीत ही वाटणी सरळ दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरला १९२६ मध्ये जन्म, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाचव्या वर्षी त्यांनीच मुलाला मातीत उतरवलं. नंतरचे डाव वस्तादांकडून, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर. तिथे सहावा क्रमांक, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. बापाने घातलेला पाया मातीचा होता, पदक गादीवरचं, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीचं.

हा पाया म्हणजे नेमकं काय? पहिली गोष्ट माती. लाल माती चाळून खडे काढायचे, मग ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, काव, कापूर मिसळून मळायची. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, इतपतच ओल हवी. जास्त ओली झाली की पाय रुततो आणि गुडघा पिळवटतो. सुकली की दगड होते, कोपरं सोलतात. म्हणून रोज खोऱ्याने उकरायची. हे उकरण्याचं काम पोरालाच लावतात, आणि त्यातून खांदा, पाठ आपोआप तयार होते. गावोगावचे बाप हे न सांगता करून घेतात.

दुसरी गोष्ट पडणं. हे आधी शिकवलं नाही तर पुढचं सगळं वाया. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगाशी. पडताना घाबरलेलं पोर हात मागे टेकतं आणि सगळं वजन कोपरावर येतं. नवशिक्यांचे हात बहुतेक असेच निखळतात. जोर-बैठका सुरुवातीला दहा-दहाच. आकडा वाढवायची घाई बापालाच असते. कंबर खाली लोंबायला लागली की तो जोर धरायचाच नाही, मोजणी तिथे थांबवायची.

मग पवित्रा आणि एकेरी पट, एवढ्यावर बापाचं शिकवणं संपतं. पट साधा वाटतो. समोरच्याचा जो पाय पुढे, त्याच्याकडे गुडघ्यांतून बसत घुसायचं, कमरेतून वाकायचं नाही. डोकं आतल्या बाजूने त्याच्या बरगडीला घट्ट, दोन्ही हात गुडघ्यामागे, पाय छातीशी ओढून उठायचं आणि खांद्याने रेटत फिरायचं. चुकतं ते नजरेत: पोर जमिनीकडे बघतं, मान खाली जाते, समोरचा वरून वजन टाकतो आणि मानगूट दाबून बसतो. दुसरी चूक लांबून हात टाकण्याची. हाताआधी पाऊल जायला हवं.

इथून पुढे ढाक, कलाजंग, धोबीपछाड या डावांना वस्तादच बरा. घरात बाप एक तर पोराला चीत करत नाही, नाहीतर रागाने करतो. दोन्हीत डाव मुरत नाही. शिवाय एकाच अंगाशी लढून पोराला एकाच अंगाची सवय होते. जत्रेत लहान पोरांच्या, रेवड्यांच्या कुस्तीला समोर डावखुरं पोर आलं की ते गडबडतं.

मुलींच्या बाबतीत ही घडी मोडली. तालमीच्या हौदात बाईने उतरायचं नाही, हा दंडक इतका पक्का होता की शिकवायचं तर बापालाच वस्ताद व्हावं लागलं. हरियाणात बलालीच्या महावीर फोगाटांनी स्वतःच्या आणि भावाच्या मुलींना घरच्या आखाड्यात घडवलं. त्यांतल्या गीताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ ला. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने नेली.

अशा घरांत आजही खरी अडचण जोडीची आहे. वजनात चार-पाच किलोंहून जास्त फरक नको, आणि गावात त्या वजनाची दुसरी मुलगी नसते. मग चुलतभावाला समोर उभं करतात. तो वयात आला, अंगाने सुटला की ती जोड तुटते आणि बाप पुन्हा शेजारच्या गावात कुणाची पोरगी कुस्ती करते का, ते विचारत फिरतो.