प्रोसेसरची ताण-चाचणी

प्रोसेसरची ताण-चाचणी : ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा वरच्या वेगाला चालवलेल्या, प्रोसेसरवर मुद्दाम कमाल भार टाकून तो अचूक आकडेमोड करतो का आणि त्या वेळी त्याचे तापमान मर्यादेत राहते का, हे तपासण्याची पद्धत. बोलताना तिला ‘स्ट्रेस टेस्ट’ असेच म्हणतात. संगणक बंद पडला नाही म्हणजे ओव्हरक्लॉक टिकला, असा समज पुष्कळांचा असतो. तो अपुरा आहे. बंद पडणारा संगणक निदान काहीतरी बिघडल्याचे सांगतो. चुकीचे उत्तर काढून तसाच चालू राहणारा संगणक फाइली, फोटो आणि हिशेब गुपचूप नासवत राहतो. चांगली ताण-चाचणी हा दुसरा प्रकार पकडण्यासाठी असते.

प्रोसेसरमधली प्रत्येक क्रिया क्लॉकच्या ठोक्यावर चालते. ५ गिगाहर्ट्झ वेगाला एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. तेवढ्या अवधीत विद्युत संदेश ट्रान्झिस्टरांच्या सर्वांत लांब साखळीतून पार पडून पुढच्या टप्प्यापाशी पोचावा लागतो. तो पोचला नाही तर पुढचा टप्पा जुनेच मूल्य उचलतो आणि कुठेतरी एखादी बिट उलटी पडते. हे होऊ नये म्हणून कारखाना चिपच्या वेगात आणि व्होल्टेजमध्ये थोडी शिल्लक राखून ती विकतो. ओव्हरक्लॉक करणारा ती शिल्लक वापरतो. कोणत्या चिपमध्ये ती किती आहे, हे वरून कळत नाही. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन चिपा वेगवेगळ्या वेगाला दम तोडतात. म्हणून दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलून चालत नाही. प्रत्येक चिपची परीक्षा स्वतंत्र घ्यावी लागते.

व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि वरचा वेग जमतो, पण उष्णता झपाट्याने वाढते. खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या समप्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून ४.८ गिगाहर्ट्झ आणि १.३२ व्होल्टवर गेले तर वेग वाढतो २० टक्के, उष्णता मात्र सुमारे ४५ टक्के. शिवाय चिप तापली की गळती-प्रवाह वाढतो, तो आणखी उष्णता निर्माण करतो, आणि जो वेग थंड असताना जमत होता तो त्याच व्होल्टेजला जमेनासा होतो. स्थिरता आणि तापमान हे दोन प्रश्न वेगळे असले तरी एकाच चाचणीत विचारावे लागतात, ते यामुळेच.

इतिहास : घरगुती ओव्हरक्लॉकिंगची लाट आणणारी चिप म्हणून इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या १९९८च्या प्रोसेसरचे नाव घेतले जाते. त्याचा मल्टिप्लायर (मदरबोर्डच्या मूळ ठोक्याला, म्हणजे बसच्या वेगाला, ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) ४.५ वर कुलूपबंद होता, पण मदरबोर्डची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० मेगाहर्ट्झची स्वस्त चिप थेट ४५०ला धावायची. त्या काळात टोकियो विद्यापीठातल्या यासुमासा कानादा यांच्या प्रयोगशाळेतून आलेला सुपर पाय हा कार्यक्रम तपासणीसाठी वापरत. तो पाय (π) या गणिती स्थिरांकाची किंमत लाखो दशांश स्थळांपर्यंत काढतो. हिशेब मध्येच फसला तर चिप कच्ची ठरे. मात्र सुपर पाय एका वेळी एकाच कोअरवर चालतो, त्यामुळे अनेक कोअरांच्या (स्वतंत्र गणनाकेंद्रांच्या) प्रोसेसरला तो पुरेसा राहिला नाही.

आज ज्याचे नाव ताण-चाचणीला जवळजवळ पर्यायी झाले आहे, त्या प्राइम९५चा जन्म ओव्हरक्लॉकिंगसाठी झालेला नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये ‘जिम्प्स’ हा मर्सेन मूळसंख्या (दोनचा घात उणे एक या रूपातल्या मूळसंख्या) शोधण्याचा सामूहिक प्रकल्प सुरू केला; जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकाचा फावला वेळ त्याला देतात. एका संख्येची परीक्षा दिवसेंदिवस चाले आणि वाटेत एक बिट चुकली तरी सगळी मेहनत वाया जाई. साहजिकच यंत्र विश्वासार्ह आहे का, हे तपासायची सोय कार्यक्रमातच करावी लागली. तिचे नाव ‘टॉर्चर टेस्ट’. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी ती उचलली, आणि मूळसंख्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य संगणकांवर हा कार्यक्रम पोचला.

चूक कशी पकडली जाते : प्राइम९५ अवाढव्य संख्यांचे वर्ग काढतो आणि त्यासाठी फूरिए रूपांतर (मोठे गुणाकार झटपट करण्याची गणिती युक्ती) वापरतो. रूपांतर अपूर्णांकांत चालते, पण शेवटी येणारी प्रत्येक किंमत पूर्णांकाच्या अगदी जवळ असायला हवी. ती पूर्णांकापासून किती दूर आहे यावर कार्यक्रम लक्ष ठेवतो. हे अंतर ०.४ च्या वर गेले की तो चाचणी थांबवतो, कारण ०.५ म्हणजे खालचा पूर्णांक घ्यावा की वरचा, हेच सांगता येत नाही. त्याखेरीज ठरावीक फेऱ्यांनंतर आलेले उत्तर आधीपासून माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहिले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. माऊस हलतो, गाणे चालू राहते, फक्त आठांपैकी एका कोअरवरचे काम थांबलेले असते आणि चौकटीत त्रुटीची एक ओळ उमटलेली असते. ती एक ओळ म्हणजे चाचणी नापास. बाकीचे सात कोअर अजून चालताहेत, ही सबब चालत नाही.

इथेच कार्यक्रमांमधला मोठा फरक लक्षात येतो. काही कार्यक्रम चिपला फक्त तापवतात. काही तापवतात आणि उत्तरही तपासतात. सिनेबेंच हा चित्र रंगवून गुण देणारा कार्यक्रम कूलरचा अंदाज घ्यायला उत्तम आहे, पण रंगवलेल्या चित्रातला एखादा ठिपका चुकला तर तो सांगत नाही. लिनपॅकवर आधारलेले इंटेलबर्नटेस्ट आणि लिनएक्स मोठ्या समीकरणसंचाची उकल करून प्रत्येक फेरीत उरलेली तफावत तपासतात. ॲलेक्झांडर यी यांचा वाय-क्रंचर पायच्या जागतिक विक्रमांसाठी वापरला जातो आणि त्यातल्या ताण-चाचण्या प्राइम९५ला न सापडणाऱ्या चुकाही कधी कधी काढतात. ओसीसीटीमध्ये चुका मोजण्याची सोय आहे. लिनक्सवर प्राइम९५चा भाऊ एमप्राइम आहे, आणि स्ट्रेस-एनजी पडताळणीचा पर्याय चालू करून वापरता येतो. एकच कार्यक्रम निवडायचा असेल तर उत्तर ताडून पाहणारा निवडावा, हे प्रस्तुत नोंदीचे स्पष्ट मत आहे.

प्राइम९५मध्ये रूपांतराचा आकार निवडता येतो आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुधा तिथेच होतो. लहान आकार कॅशमध्येच (प्रोसेसरच्या पोटातल्या वेगवान स्मृतीत) मावतात, त्यामुळे प्रोसेसर रॅमची वाट न पाहता सतत राबतो आणि सर्वाधिक तापतो. मोठे आकार मेमरी कंट्रोलर आणि रॅमवर ताण देतात. ‘ब्लेंड’ हा मिश्र प्रकार भरपूर रॅम वापरतो. तो नापास झाला तर दोष कोअरचा की रॅमचा, हे लगेच कळत नाही. म्हणून आधी मेमटेस्ट८६ने रॅमची खात्री करून मगच प्रोसेसरला हात घालणे बरे. रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा वर चालवणारी तयार सेटिंग) हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

एव्हीएक्स सूचनांचा मुद्दा वेगळा मांडायला हवा. इंटेलच्या २०११च्या सँडी ब्रिज पिढीत एव्हीएक्स आले आणि २०१३च्या हॅसवेल पिढीत एव्हीएक्स२. या सूचना एका वेळी रुंद आकडेगठ्ठे हाताळतात आणि तेवढीच जास्त वीज ओढतात. हॅसवेलच्या मालकांना नव्या प्राइम९५मध्ये तापमान एकदम चढलेले दिसले, तेव्हा बरेच जण एव्हीएक्स नसलेल्या जुन्या २६.६ आवृत्तीकडे वळले. ‘आमच्या रोजच्या कामात एवढा भार कधी येतच नाही’ हा त्यांचा युक्तिवाद निव्वळ पळवाट नव्हता. पण व्हिडिओ एन्कोडिंग आणि थ्रीडी रेंडरिंग करणारे सॉफ्टवेअर एव्हीएक्स भरपूर वापरते. ज्यांचे काम ते आहे त्यांनी एव्हीएक्स बंद ठेवून काढलेला निकाल त्यांच्या उपयोगाचा नाही. पुढे इंटेलने एव्हीएक्सचा भार आला की वेग आपोआप थोडा उतरवणारी ‘एव्हीएक्स ऑफसेट’ सेटिंग दिली.

तापमान : प्रत्येक कोअरच्या पोटात संवेदक असतो आणि एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारख्या साधनांत त्याची नोंद दिसते. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप चिपांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५, तर रायझेन ७ ७८००एक्स३डीची ८९. मर्यादेला टेकताच चिप स्वतःच वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू संगणकाचा हीटसिंक काढून दाखवला, तेव्हा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून जळाला. आता दोन्ही कंपन्यांच्या चिपांमध्ये हे संरक्षण आहे. चाचणीपुरता त्याचा एक तोटा असा, की थ्रॉटलिंग सुरू झाले की चिप ठरलेल्या वेगाला चालतच नाही आणि पास झालेली चाचणी त्या ओव्हरक्लॉकची उरत नाही. तापमानाच्या शेजारी प्रत्यक्ष वेगाचा आकडा पाहिलाच पाहिजे.

किती तापमान ठीक, यावर जाणकारांत एकमत नाही. दीर्घकाळ भारात ८० ते ८५ अंशांखाली राहावे, असा जुना संकेत आहे. रायझेन ७००० बाजारात आणताना एएमडीने भारात ९५ अंश ही अपेक्षित स्थिती असल्याचे सांगितले. त्यामुळे आकडा एकटा वाचू नये, त्याच्याबरोबर व्होल्टेज वाचावे. चिपमधल्या बारीक तारांतले धातूचे अणू प्रवाहाच्या रेट्याने सरकतात, आणि उष्णता व प्रवाह या दोन्हींमुळे ही झीज वेगाने होते. कमी व्होल्टेजवरचे ९० अंश आणि चढ्या व्होल्टेजवरचे ९० अंश चिपच्या आयुष्याच्या दृष्टीने सारखे नाहीत. चिपवरच्या धातूच्या झाकणाखाली काय भरले आहे यानेही फरक पडतो: २०१२च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने डाखाऐवजी थर्मल पेस्ट वापरली आणि ओव्हरक्लॉक करताना तापमान चढू लागले. झाकण उचकटून पेस्ट बदलण्याचा प्रघात तेव्हापासून वाढला.

हवेचा किंवा पाण्याचा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली जितकी तापेल, तितकाच चिपचा आकडा वर सरकतो. समशीतोष्ण देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत २०-२२ अंशांची खोली गृहीत धरलेली असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी नसलेल्या खोलीत तो हिशेब लागू पडत नाही. जानेवारीत ८० अंशांवर पास झालेली सेटिंग उन्हाळ्यात सरळ थ्रॉटलिंगच्या रेषेवर जाऊ शकते. विदर्भ-मराठवाड्यात अंतिम चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी, किंवा हिवाळ्यात घेतली तर निदान १५ ते २० अंशांची जागा मोकळी सोडावी.

प्रत्यक्ष रीत : सुरुवात मूळ सेटिंगपासून करतात. ओव्हरक्लॉक न करताच चाचणी चालवून कूलर नीट बसला आहे का आणि यंत्र मुळात निर्दोष आहे का, हे पाहून घेतात. हा टप्पा गाळणारा पुढे आपलाच वेळ घालवतो. मग बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) मल्टिप्लायर एकेक पायरी चढवत प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटांची छोटी चाचणी घेतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत नजर तापमानावरून हटवू नये, कारण कूलरचा स्क्रू सैल असेल तर आकडा काही सेकंदांतच छताला टेकतो. चूक आली की व्होल्टेज अगदी थोडे वाढवतात किंवा एक पायरी खाली येतात. भार पडताच व्होल्टेज किंचित बसते. हे भरून काढणारी ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’ सेटिंग टोकाला नेली तर भार सुटताच व्होल्टेज उसळते, म्हणून ती मधल्या पायरीवर ठेवणे शहाणपणाचे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधीच दुसरीकडे काढलेली असावी, कारण अस्थिर यंत्र लिहीत असताना डिस्कवरची फाइल व्यवस्थाही बिघडवू शकते.

विंडोज ब्लू स्क्रीनवर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ किंवा ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ दाखवत असेल, तर संशय आधी अपुऱ्या व्होल्टेजवर जातो. व्हिया (विंडोजची हार्डवेअरच्या चुका टिपणारी व्यवस्था) नोंदींत दुरुस्त झालेल्या चुकाही असतात. त्या दिसत असतील तर चाचणी वरवर पास झाली तरी चिप काठावर उभी आहे. रात्रभर चाचणी लावून झोपणाऱ्यांना आपल्याकडे आणखी एक अडचण येते: सकाळी संगणक रीस्टार्ट झालेला दिसतो आणि विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ असते. ही नोंद यंत्र अडकून रीसेट झाले तरी येते आणि रात्री वीज गेली तरी येते. यूपीएस नसेल तर अशा रात्रीचा निकाल धरू नये.

किती वेळ चालवावी हा कायमचा वाद आहे. समजा एखाद्या सेटिंगवर सरासरी आठ तासांनी एक चूक होते. अशी सेटिंग तासाभराच्या चाचणीत सुमारे ८८ टक्के वेळा निसटते आणि २४ तासांच्या चाचणीतही सुमारे ५ टक्के वेळा निसटते. म्हणजे चाचणी जितकी लांब तितका संशय कमी, पण तो शून्यावर येत नाही. खेळापुरत्या संगणकाला एक-दोन तास पुरतात. ज्यावर शोधनिबंधाची आकडेमोड किंवा गिऱ्हाइकाचे काम होते, त्याला एक पूर्ण रात्र द्यावी, आणि खरे तर तो ओव्हरक्लॉक करूच नये.

पूर्ण भार हीच सर्वांत कठीण अवस्था, ही समजूत अलीकडच्या प्रोसेसरांनी मोडली. २०२०च्या रायझेन ५००० मालिकेपासून प्रचलित झालेल्या कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोअरचे व्होल्टेज वेगळे उतरवता येते. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा वेग खाली असतो आणि सारे सुरळीत दिसते. एकच कोअर जागा होऊन सर्वोच्च वेगाला उडी मारतो, तेव्हा व्होल्टेज कमी पडते. अशी यंत्रे रात्रभर प्राइम९५ सोसतात आणि सकाळी ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतात. त्यासाठी कोअरसायकलरसारखी साधने एकेका कोअरवर आळीपाळीने भार टाकतात.

चाचणीत आलेली चूक नेहमी ओव्हरक्लॉकचीच असते असेही नाही. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर १,४९,४२,२०९ या घातांकावर प्राइम९५ चालवताना अडकत असल्याचे उघड झाले. दोष चिपमध्येच होता आणि तो बायॉस अपडेटने सोडवण्यात आला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप चिपा ओव्हरक्लॉक न करताही कालांतराने अस्थिर होऊ लागल्या. कारण चढ्या व्होल्टेजमुळे होणारी झीज हे होते. ऑगस्ट २०२४च्या मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र अपडेटने भरून येत नाही. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुकच्या अभियंत्यांनीही आपापल्या सर्व्हरांत मुकाट्याने चुकीचे उत्तर देणारे कोअर सापडल्याचे जाहीर केले. गूगलच्या अनुभवात हे प्रमाण काही हजार यंत्रांमागे मोजक्या कोअरांचे होते, आणि त्यातले काही कोअर बराच काळ नीट चालल्यानंतर बिघडले होते.