लुइन्स मीड : ब्रिस्टलमधील एका युनिटेरियन उपासनागृहाची पार्श्वभूमी

ब्रिस्टल म्हटले की आपल्याकडील वाचकाला राजा राममोहन रॉय यांची आर्नोस व्हेल दफनभूमीतील छत्री आठवते. मात्र ज्या मंडळीच्या स्नेहामुळे राजे 1833 साली या शहरात आले, त्या युनिटेरियन, म्हणजे ईश्वराचे एकत्व मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचे लुइन्स मीड येथील उपासनागृह फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. छत्री ही त्यांच्या मृत्यूची खूण आहे. ते येथे का आले याचे उत्तर शोधायचे तर या इमारतीकडेच वळावे लागते.

ही मंडळी मुळात प्रेस्बिटेरियन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून अलग झालेल्या पंथीयांची. 1689 च्या सहिष्णुता कायद्याने अशा पंथांना स्वतंत्रपणे उपासना करण्याची मुभा दिली. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य नाकारणाऱ्यांना त्या मुभेतून स्पष्टपणे वगळले होते. त्यामुळे अठराव्या शतकात इंग्लंडमधील अनेक जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्ये ‘ईश्वर एकच, आणि येशू हा त्याने पाठविलेला मनुष्य’ हा विचार हळूहळू रुजला, तो कोणतीही घोषणा न होता. नाव जुनेच राहिले, व्यासपीठावरचा उपदेश तेवढा पालटला. लुइन्स मीडची मंडळीही याच वाटेने गेली. हे मतांतर एका विशिष्ट दिवशी घडले असे मानून त्याची तारीख शोधणे मला व्यर्थ वाटते.

सध्याची इमारत उभी राहिली ती या संक्रमणाच्या काळात. तिचा आराखडा विल्यम ब्लॅकबर्न यांचा. हे वास्तुविशारद प्रामुख्याने तुरुंगांच्या इमारतींसाठी ओळखले जात; तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांच्या विचारांनुसार हवेशीर, स्वच्छ कारागृहे बांधणे हे त्यांच्या आयुष्याचे काम होते. 1790 साली त्यांचे निधन झाले आणि उपासनागृह खुले झाले ते 1791 मध्ये. त्याला ना मनोरा, ना शिखर. दर्शनी बाजूस अभिजात शैलीतील त्रिकोणी शीर्षभाग आणि खांबांची अर्धवर्तुळाकार देवडी. आत प्रशस्त सभागृह, सज्जे आणि उंच व्यासपीठ. वेदीपेक्षा उपदेशाला महत्त्व देणाऱ्या मंडळीला साजेशी अशी ही रचना आहे. याच वर्षी, जुलै महिन्यात, बर्मिंगहॅममध्ये दंगेखोरांनी युनिटेरियन विचारवंत आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांचे घर आणि तेथील दोन उपासनागृहे जाळली होती. त्या पार्श्वभूमीवर ब्रिस्टलमधील ही भरभक्कम वास्तू पाहिली म्हणजे तिच्यामागील आत्मविश्वास लक्षात येतो. त्रैक्य नाकारणे कायद्याने निर्धोक झाले ते त्यानंतर 22 वर्षांनी, 1813 च्या कायद्याने. आणि जुन्या दानपत्रांच्या आधारे अशा वास्तूंच्या मालकीलाच आव्हान दिले जाऊ लागले तेव्हा 1844 च्या कायद्याने त्या उपासनागृहांना संरक्षण दिले.

हा आत्मविश्वास पैशाचाही होता, हे सांगितल्यावाचून या वास्तूचा इतिहास पुरा होत नाही. लुइन्स मीडची मंडळी शहरातील सधन व्यापाऱ्यांची होती. गाड्या-घोड्यांसाठी उपासनागृहालगत तबेले होते. ब्रिस्टलची श्रीमंती वेस्ट इंडीजमधील साखरेवर आणि तेथील गुलामांच्या श्रमावर उभी होती, आणि ब्राइट यांच्यासारखी या मंडळीतील घराणीही त्या व्यापारात होती. ईश्वराचे एकत्व मानणाऱ्या लोकांना माणसांचे एकत्व समजायला इतका काळ लागावा, ही गोष्ट आजही मन अस्वस्थ करते. तरीही याच मंडळीतून गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते पुढे आले. धर्मोपदेशक जॉन प्रायर एस्टलिन यांचे पुत्र, शल्यचिकित्सक जॉन बिशप एस्टलिन, हे त्यांपैकी एक.

1817 साली डॉ. लँट कार्पेंटर येथे धर्मोपदेशक म्हणून आले. त्या सुमारास कलकत्त्यात राममोहन रॉय यांचे लेखन सुरू होते. 1820 मध्ये त्यांनी येशूची नीतिवचने चमत्कारकथा वगळून संकलित केली. त्यावर बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशी त्यांचा मोठा वाद झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहवासातील बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम ॲडम यांनी त्रैक्याचा सिद्धान्त सोडला. या बातम्यांनी इंग्लंडमधील युनिटेरियन मंडळींना कमालीचा आनंद झाला. 1831 मध्ये राजे इंग्लंडला आले आणि सप्टेंबर 1833 मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटन येथे मुक्कामास गेले. वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यास राजसंमती मिळून तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते. लुइन्स मीडच्या रविवारच्या उपासनेस राजे उपस्थित राहिले. पण लवकरच आजारी पडून 27 सप्टेंबर रोजी ते निवर्तले. त्यांना प्रथम स्टेपलटन येथील घराच्या आवारातच पुरण्यात आले आणि 1843 मध्ये द्वारकानाथ टागोर यांच्या पुढाकाराने आर्नोस व्हेल येथे हलवून छत्री उभारण्यात आली.

लँट कार्पेंटर यांची कन्या मेरी तेव्हा 26 वर्षांची होती, आणि राजांच्या भेटीचा ठसा तिच्या मनावर कायम राहिला. 1846 मध्ये तिने लुइन्स मीडच्याच गरीब वस्तीत अनाथ, भटक्या मुलांसाठी शाळा काढली आणि 1854 मध्ये रेड लॉज येथे मुलींचे सुधारगृह सुरू केले. 1866 मध्ये, वयाच्या साठीला टेकल्यावर, मेरी कार्पेंटर प्रथम हिंदुस्थानात आल्या. अहमदाबाद, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे जाऊन त्यांनी स्त्रीशिक्षण आणि तुरुंगांची स्थिती हे विषय लावून धरले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला.

याच घराण्यामार्फत एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. लँट कार्पेंटर यांचे नातू जे. एस्टलिन कार्पेंटर हे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकवीत. प्रार्थनासमाजाचे तरुण कार्यकर्ते विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 या काळात तेथे त्यांचे विद्यार्थी होते. परतल्यावर 1906 साली शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी व उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले.

लुइन्स मीड येथील उपासना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबली. 1980 च्या दशकात इमारतीचे कार्यालयांत रूपांतर झाले. संरक्षित वास्तू म्हणून तिची दर्शनी बाजू आणि मूळ ठेवण मात्र टिकून आहे.