विनोदी गाण्यांची मुखपृष्ठे आणि बव्हेरियातला दगड

व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये म्यूझिक हॉलमधले, म्हणजे गाणी आणि विनोदाच्या करमणुकीच्या रंगगृहातले, एखादे विनोदी गाणे गाजले की त्याची स्वरलिपी छापून विक्रीला येई, आणि घरी पियानो असलेली मंडळी ती विकत घेत. आतली पाने रूक्षच असत. कथिल-शिशाच्या मऊ पत्र्यावर ठशांनी स्वरचिन्हे ठोकून ती तयार होत. दुकानाच्या काचेआडून गिऱ्हाइकाला खुणावत असे ते मुखपृष्ठावरचे रंगीत चित्र, म्हणजे गायकाचा नखरा, त्याचा पोशाख आणि मिस्कील चेहरा. या चित्रांतला जिवंतपणा चित्रकाराच्या हाताइतकाच एका दगडाच्या रसायनाचा आहे, असे मला वाटते.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील सोल्नहोफेनचा हा चुनखडक अतिशय बारीक कणांचा आहे. आपली नाटके स्वस्तात छापण्याचा मार्ग शोधणाऱ्या आलोइस झेनेफेल्डर या नाटककाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर शिळामुद्रणाचे (लिथोग्राफीचे) तंत्र बसवले, आणि आरंभीच्या काळात त्याने छापले ते संगीतच. घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढले की खडूतील मेदाम्लांचा दगडातील कॅल्शियमशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. मग किंचित नायट्रिक आम्ल मिसळलेला डिंक फासला की तो कोऱ्या भागाला चिकटून बसतो आणि तिथे पाणी धरून ठेवतो. आता दगड ओला करून त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, तर पाणी शाईला अंगाला लागू देत नाही आणि शाई फक्त चित्रावर बसते. लाकडी ठशासारखा उठाव नाही की तांब्याच्या पत्र्यासारखी खाच नाही. सपाट पृष्ठभागावर हे सारे तेल आणि पाणी यांच्या वैरावर चालते.

लाकडी ठशात चित्रकार आणि कागद यांच्यामध्ये कोरक्या येई, आणि भुवईची एखादी मिस्कील वक्रता त्याच्या पात्याखाली हरवू शके. दगडावर मात्र चित्रकाराची खडूची रेघ जशीच्या तशी छापली जाते, फक्त डावे-उजवे उलटते, त्यामुळे थेट दगडावर लिहायची अक्षरे उलटी काढावी लागत. या कलेत अल्फ्रेड कॉन्कानेन (१८३५–१८८६) याचे नाव सर्वांत पुढे आहे. म्यूझिक हॉलचा गायक जॉर्ज लेबोर्न याने १८६६ च्या सुमारास गाजवलेल्या ‘शँपेन चार्ली’ या गाण्याचे मुखपृष्ठ त्याचेच.

रंगांचे काम अधिक कष्टाचे होते. गोदफ्रॉय एंगेलमान याने १८३७ मध्ये पेटंट घेतलेल्या रंगीत शिळाछापाच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, आणि तोच कागद क्रमाने सगळ्या दगडांवर तंतोतंत जागी बसवावा लागे. तो केसभर सरकला तरी गायकाच्या गालाची लाली कानावर जाई. म्हणून एका रंगावर दुसरा पारदर्शक रंग चढवून तिसरा मिळवणे आणि ठिपक्यांच्या दाटी-विरळीतून छटा साधणे, अशा युक्त्यांनी दगडांची संख्या कमी ठेवली जाई. (राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे याच तंत्राची.)

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या खडकातच १८६१ मध्ये आद्यपक्ष्याच्या (आर्किऑप्टेरिक्सच्या) पिसाचा ठसा सापडला, आणि त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात ‘लिथोग्राफिका’ हा शब्द आला तो या छपाईच्या दगडावरूनच. पिसाचा ठसा जपून ठेवणाऱ्या या दगडावर विनोदी चेहरे मात्र टिकत नसत, कारण चांगला दगड महाग असे. छपाई संपली की वाळू आणि पाणी घालून तो घासत, जुना चेहरा पुसून टाकत आणि पुढच्या गाण्यासाठी पुन्हा कोरा करत.