एसटी कार्यशाळेतील शिकाऊ उमेदवारी

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजेच एसटीच्या, आगारांत व कार्यशाळांत प्रत्यक्ष काम करत वाहनदुरुस्ती शिकण्याची पद्धत. कागदोपत्री 'शिकाऊ उमेदवार' आणि आगारात सरसकट 'अप्रेंटिस' म्हणून ओळखली जाणारी ही मुले बहुतेक आयटीआयमधून येतात. मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक हे त्यांचे मुख्य ट्रेड. त्यांच्या जोडीला ऑटो इलेक्ट्रिशियन, वेल्डर, शीट मेटल, पेंटर असतात.

या उमेदवारीला शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 चा आधार आहे. उमेदवार आणि आस्थापना यांच्यात करार होतो व त्याची नोंदणी होते. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार कामगार ठरत नाही, प्रशिक्षणार्थी असतो. मात्र काम करताना इजा झाली तर कामगारासारखीच नुकसानभरपाई त्याला लागू होते. पगाराऐवजी विद्यावेतन मिळते. 2019 च्या नियमदुरुस्तीत शैक्षणिक पात्रतेनुसार त्याची किमान रक्कम दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरली. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचे एवढ्यात भागत नाही, ही या पद्धतीची जुनी आणि खरी अडचण आहे.

काय शिकायला मिळेल हे नेमणूक कुठे होते यावर बरेच अवलंबून असते. दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसची बॉडी बांधली जाते. वेल्डर आणि शीट मेटलवाल्यांसाठी याहून चांगली शाळा नाही. विभागीय कार्यशाळेत मोठ्या दुरुस्त्या होतात. मेकॅनिकचा कान आणि नजर तयार होते ती मात्र आगारात. तिथे रात्री मुक्कामाला आलेली गाडी सकाळच्या फेरीला सुटलीच पाहिजे, आणि चालकाने सांगितलेल्या 'ब्रेक उशिरा लागतो', 'चढाला ओढत नाही' अशा एका वाक्यावरून दोष शोधायचा असतो.

सुरुवातीचे दिवस ग्रीसिंग, चाक उतरवणे, पिटमध्ये (गाडीखालच्या खड्ड्यात) उतरून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि ते एकत्र धरणारे सेंटर बोल्ट तपासणे यात जातात. मग एअर ब्रेक. टाकीत हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करून गेजचा काटा पाहायचा. तो घसरू लागला तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधायची. लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) बदलल्यावर स्लॅक अडजस्टर (ब्रेकमधील ढिलाई काढणारा भाग) पूर्ण आवळून थोडा मागे घ्यायचा आणि चाक मोकळे फिरते का ते हाताने पाहायचे. हे काम कुणाच्या देखरेखीशिवाय नवख्याला देऊ नये. पन्नास माणसांचा जीव त्यावर असतो.

टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हपाशी ठेवायचे बारीक अंतर जुळवणे, जमले की आगारात मुलाकडे मेकॅनिक म्हणून पाहू लागतात. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंगचा क्रम 1-5-3-6-2-4. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले, म्हणजे एक मिटणारा आणि दुसरा उघडणारा, की पहिल्याचे टॅपेट लावायचे. पाचाला दोनची जोडी, तीनला चारची. फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीचे पातळ पाते, त्या फटीत घालून स्क्रू फिरवायचा. पाते अडकता कामा नये आणि सैलही सरकता कामा नये. किंचित घासत सरकले की लॉकनट आवळायचा आणि पुन्हा मोजायचे, कारण नट आवळताना स्क्रू फिरतो. 'किंचित' म्हणजे किती, हे पुस्तकातून कळत नाही. शेजारी उभा असलेला जुना मेकॅनिक पाते आपल्या हाताने सरकवून दाखवतो तेव्हाच ते कळते, म्हणून उमेदवाराला कुणाच्या हाताखाली दिले याला इतके महत्त्व आहे.

1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-6 निकष लागू झाले आणि कामाचे स्वरूप बदलले. या गाड्यांत दोष आधी स्कॅनरवर वाचावा लागतो, धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा सांभाळावी लागते. जुन्या गाड्यांवरच वर्ष काढलेल्या उमेदवाराला हे शिकायची संधी मिळत नाही; ही उणीव आगारांनी भरून काढायला हवी.

मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि उत्तीर्णांना राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नोकरीची हमी त्यात नाही. उत्तर प्रदेशच्या परिवहन निगमातील उमेदवारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले की, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. एसटीत भरती निघते तेव्हा कार्यशाळेतील सहायकाच्या जागांसाठी अर्ज करणारे अनेकजण या निकालाचा दाखला देतात. भरती नसते त्या वर्षांत बरेचजण खासगी गॅरेजची किंवा कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरतात.