उष्माचित्रण (महापांडाची गाभणतपासणी)

प्राण्याच्या अंगातून बाहेर पडणारी अवरक्त (इन्फ्रारेड) किरणे थर्मल कॅमेऱ्याने टिपून, अंगावरच्या तापमानातील फरकावरून आत काय चालले आहे याचा अदमास घेण्याची पद्धत. करोनाकाळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कपाळासमोर धरली जाणारी थर्मल गन ही याचीच धाकटी बहीण. गन एकाच जागेचा आकडा सांगते; कॅमेरा हजारो बिंदूंचा रंगीत नकाशा काढतो. अमेरिकेतील सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयात बाई युन या महापांडा मादीसाठी ही पद्धत वापरली गेली.

खानापूर-निपाणीकडे म्हैस भरवल्यावर २१ दिवसांनी उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की ती गाभण राहिली असे धरतात. पुढे डॉक्टर लांब हातमोजा चढवून खात्री करतात. (मुक्या माजाची, म्हणजे माजावर असूनही तसे न दाखवणारी म्हैस इथेही फसवते, ते वेगळे.) पांडाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भ राहण्याजोगा काळ १ ते ३ दिवसांचा. म्हणजे उलटण्याची वाट पाहायची तर पुढच्या वर्षापर्यंत! फलित बीजही लगेच रुजत नाही, काही महिने गर्भाशयात नुसते तरंगत राहते. त्यात मिथ्यागर्भाची भर: पोटात काही नसताना प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणातले संप्रेरक वाढते, मादीचे खाणे कमी होते, ती गुहेत बांबू ओढून जागा करू लागते. पिल्लू जन्मते सुमारे १०० ग्रॅमचे, पाव किलो कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) निम्म्याहून कमी. त्यामुळे पोट पाहून काहीच कळत नाही.

गर्भ वाढू लागला की गर्भाशयाकडे रक्त जास्त वाहते आणि ओटीपोटाचा भाग किंचित उबदार होतो, हा उष्माचित्रणाचा आधार. पण पांडाची दाट लव ऊब अडवते. ऊन, ओले अंग, वारा, नुकतीच पाठ टेकलेली फरशी यांनीही चित्र बिघडते. म्हणून रोज ठरलेल्या वेळी, सावलीत, सारख्याच अंतरावरून चित्रे घेऊन ती आधीच्या चित्रांशी ताडून पाहतात. एकट्या चित्राला किंमत नाही. आचळांभोवतीची ऊब मिथ्यागर्भातही वाढू शकते, त्यामुळे तिच्यावरून निवाडा करता येत नाही.

खात्री देते ती सोनोग्राफीच. त्यासाठी मादीला पोट पुढे करून स्वस्थ राहायला शिकवावे लागते. दिवस भरत आले की ती गुहेतून बाहेर यायलाच नाखूष असते, आणि मग दुरून रोखलेला कॅमेरा तेवढा हाताशी उरतो.