फुकट वायफायला ओटीपी का लागतो : पार्श्वभूमी

मुंबईत रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावर सार्वजनिक वायफाय जोडले की आधी मोबाइल क्रमांक मागतात, मग त्यावर ओटीपी येतो. ही अट केंद्राच्या फेब्रुवारी २००९ च्या एका सूचनेतून आली, आणि त्या सूचनेमागच्या घटना बऱ्याचशा मुंबई-नवी मुंबईतच घडल्या. सार्वजनिक वायफाय गरजूंपर्यंत का पोचले नाही याची चर्चा सहसा वेग, केबल आणि पैसा यांवर होते. दारातच उभ्या असलेल्या या अटीचा त्यात क्वचितच उल्लेख येतो.

ऑगस्ट १९९५ मध्ये डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचे इंटरनेट आले, पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले. ग्राहकाकडे ओळखपत्र मागावे ही कल्पनाही इथलीच जुनी. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत नेमलेल्या समितीने मुलांच्या हाती अश्लील मजकूर पडू नये म्हणून तशी शिफारस केली होती. तेव्हा काळजी मुलांची होती. दहशतवादाचा संदर्भ नंतर जोडला गेला.

जानेवारी २००५ मध्ये वायफाय ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा परवानामुक्त झाला आणि घरोघरी राउटर लागू लागले. बरेचसे पासवर्डविनाच चालत, काहींवर वेप (WEP) हे जुने संरक्षण असे, जे जाणकाराला काही मिनिटांत फोडता येई. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी माध्यमांना धमकीचा ईमेल गेला. त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, सानपाड्यातल्या एका फ्लॅटचा निघाला. त्याच गटाचे पुढचे दोन ईमेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कार्यालयाच्या जोडणीवरून गेले. तपासाला तिथे अडचण आली, कारण राउटरमागची सगळी उपकरणे बाहेरून एकाच आयपी पत्त्याने दिसतात. कंपनीच्या नोंदीत तो पत्ता त्या क्षणी कोणत्या ग्राहकाला दिला होता एवढेच सापडते, घराबाहेर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस सापडत नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली. पुढच्याच महिन्यात केंद्राची सूचना निघाली.

सूचनेत सार्वजनिक ठिकाणांसाठी दोन पर्याय होते. एक, ओळखपत्राची प्रत घेऊन ती वर्षभर जपायची. दोन, लॉगिन आणि पासवर्ड एसएमएसने पाठवायचा, मोबाइल क्रमांक हीच ओळख मानायची आणि तिची नोंद वर्षभर ठेवायची. पहिल्याला माणूस, झेरॉक्स आणि कपाट लागते. दुसऱ्याला एसएमएसचे काही पैसे. त्यामुळे पहिला पर्याय कागदावर राहिला आणि सिमकार्ड नसलेल्या माणसाची वाट तिथेच बंद झाली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. तिन्ही ईमेल गेले ते खासगी जाळ्यांवरून. घर, महाविद्यालय, कार्यालय. यांतले एकही सार्वजनिक हॉटस्पॉट नव्हते. त्यावरचा नेमका उपाय म्हणजे चांगला पासवर्ड आणि वेपच्या जागी डब्लूपीए-२ (WPA2) हे मजबूत संरक्षण. सूचनेत घरगुती ग्राहकांसाठीही कलमे होती, पण लाखो घरांतले राउटर तपासणार कोण? हॉटस्पॉट मोजके, त्यांचे चालक परवानाधारक, म्हणून अंमलबजावणी त्यांच्यावर झाली. तपास यंत्रणांची गरज खरी होती, हे मान्य. ओझे मात्र भलत्याच ठिकाणी पडले आणि आजही तिथेच आहे.

सायबर कॅफेंचेही तेच झाले. एप्रिल २०११ च्या नियमांनी ओळखपत्र सक्तीचे केले, संगणकांमधल्या आडोशाची उंची साडेचार फुटांवर आणली, रजिस्टर व भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद वर्षभर ठेवायला लावली आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागितला. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दोन-चार संगणकांच्या दुकानाला हे जड गेले. पुढे स्मार्टफोनने कॅफेंचा धंदा खाल्ला, तरी ज्यांच्या हाती फोन नव्हता त्यांना ही दुकाने हवी होती.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवरचे मोफत वायफाय सुरू झाले. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने शहरात ५०० हॉटस्पॉट चालू केले. त्याच सुमारास मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की वायफायची निकड अनेकांना उरली नाही. ज्यांना उरली त्यांची अडचण फलाटावर दिसते. फोन जाळ्याला जोडला जातो, पण लॉगिनचे पान उघडत नाही, कारण ते पान ब्राउझरने मागितलेला पत्ता मध्येच वळवून दाखवले जाते, पण ब्राउझर सुरक्षित (https) पत्ता मागतो आणि तो वळवता येत नाही. इंटरनेट नाही असे वाटून फोन मोबाइल डेटावर परत जातो. ओटीपी बघायला संदेश उघडला की लॉगिनची खिडकी मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून. तात्पुरता उपाय असा : मोबाइल डेटा आणि फोनच्या सेटिंगमधले प्रायव्हेट डीएनएस बंद करायचे, https ऐवजी साधा http ने सुरू होणारा पत्ता टाकायचा, ओटीपी वरच्या सूचनापट्टीतच वाचायचा. पण रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे संदेशही बंद होतात. मोफत वायफायसाठी आधी रिचार्ज करावा लागतो, आणि फटका नेमका त्यालाच बसतो ज्याच्यासाठी ते वायफाय आहे.

मार्च २०१७ मध्ये दूरसंचार नियामकाने एकदाच ओळख पटवून पुढे सगळीकडे आपोआप जोडणी व्हावी असे सुचवले, त्यात ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याचाही मार्ग होता. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाने खासगी कंपन्यांसाठी तो बंद केला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे लक्ष्य होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राची वानी (पीएम-वानी) ही सार्वजनिक वायफाय योजना मंजूर झाली : चहावाल्याने किंवा किराणा दुकानदाराने परवाना-नोंदणीविना वायफाय विकावे, हिशेब आणि ओळख अशा अनेक दुकानांना जोडणाऱ्या एकत्रक कंपनीने व ॲपने सांभाळावी. मे २०२५ मध्ये देशभरचे वानी हॉटस्पॉट तीन लाखांहूनही कमी होते.

योजना अडली ती जोडणीच्या दरावर. दुकानदार पाच-दहा रुपयांची कुपने विकणार, आणि त्याच्याकडून व्यावसायिक लीज्ड लाइन, म्हणजे कंपन्या घेतात तशी स्वतंत्र राखीव जोडणी, घेण्याची अपेक्षा. ती घरगुती फायबरपेक्षा कित्येक पटींनी महाग. जून २०२५ मध्ये नियामकाने २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा दुकानदारांना जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यावेत असा आदेश काढला. हा आदेश फक्त दराचा आहे. वानीच्या ॲपमधली पहिली नोंदणी अजूनही मोबाइल क्रमांक आणि ओटीपीनेच होते.